शेवटचं गुणसूत्र पोचेपर्यंत

मघाशी ओळख करून देताना मला 'पेशीविभाजनाच्या अभ्यासक' म्हटलं गेलं. ते खरंच आहे. पण पदवीच्या दुसऱ्या वर्षी याच विषयाच्या प्रात्यक्षिकात मला पंचवीसपैकी नऊ गुण मिळाले होते, हे सूत्रसंचालकांना माहीत नव्हतं. आता सगळ्यांनाच कळलं. ते नऊ गुण मी अजून विसरलेले नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या परीक्षकांना चाळीस वर्षं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

काम तसं सोपं होतं. कांद्याच्या मुळाचं टोक कापायचं, अ‍ॅसिटोकार्मिनच्या थेंबात गरम करायचं, काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच बसवायची आणि अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. अंगठा जरा जरी सरकला की पेशींचा चिखल होतो. माझा सरकला नव्हता. पेशी एकेकट्या, पसरलेल्या, लालसर रंगलेल्या. मी खुशीत. परीक्षक आले, सूक्ष्मदर्शकाच्या नळीत डोळा घातला आणि म्हणाले, "पश्चावस्था दाखवा."

शाळा सोडून ज्यांना बराच काळ झाला असेल त्यांच्यासाठी सांगते. पाठ्यपुस्तकात पेशीविभाजनाच्या चार चौकटी असतात. पूर्वावस्थेत गुणसूत्रं आखडून जाड होतात. मध्यावस्थेत ती पेशीच्या मधोमध रांगेत येतात. पश्चावस्थेत प्रत्येक गुणसूत्राचे दोन भाग सुटून दोन टोकांकडे निघतात, आणि अंत्यावस्थेत दोन केंद्रकं तयार होतात. चारही चौकटी अगदी एका मापाच्या. माझ्या दुःखाचं मूळ या मापातच आहे.

मी शोधायला लागले. पूर्वावस्था हव्या तेवढ्या होत्या. मध्यावस्थाही सापडल्या. पश्चावस्था मात्र एकही दिसेना. काचपट्टी डावीकडून उजवीकडे सरकवली, मग वरून खाली. घड्याळ पुढे, परीक्षक मागे उभे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीची काचपट्टी म्हणजे नुसता चिखल होता, पण त्या चिखलात तिला एक पश्चावस्था मिळाली. एकच, पण मिळाली. परीक्षक मला म्हणाले, "तुमचं विभाजन काही झालेलं दिसत नाही," आणि वहीत काहीतरी लिहून पुढे गेले.

आता फलाटावरच्या गर्दीचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. गाडीची वाट बघत उभी असलेली माणसं त्यात शेकड्यांनी दिसतील. एक पाय फलाटावर आणि एक डब्याच्या पायरीवर अशी किती दिसतील? एखादं, फार तर दोन. म्हणजे गाडीत कुणी चढत नाही असं नव्हे. चढायला क्षणभरच लागतो, एवढाच त्याचा अर्थ. काचपट्टी हाही गर्दीचा फोटोच आहे. जी अवस्था जास्त वेळ टिकते ती जास्त पेशींत दिसते. माणसाच्या पेशीचं विभाजन साधारण तासाभरात उरकतं, आणि त्यातली गुणसूत्रं प्रत्यक्ष विलग होण्याची घटना काही मिनिटांची असते. तेव्हा पश्चावस्था न दिसणं ही माझ्या काचपट्टीची चूक नव्हती. ती बिचारी काळाचा हिशेब अगदी प्रामाणिकपणे दाखवत होती.

माझं लाडकं म्हणणं ते हेच. आपण याला 'विभाजन' म्हणतो आणि आपलं सगळं लक्ष विभागणीवर असतं. पण पेशीचा बहुतेक वेळ आणि बहुतेक अक्कल खर्च होते ती न विभागण्यात, धरून ठेवण्यात आणि थांबण्यात. हे तुम्हाला पटवून देऊन मग स्त्रीबीजाकडे वळायचं, असं मी जाहीर केलेलं आहे. पोचेन अशी आशा आहे.

आधी अडचण किती मोठी आहे ते बघू. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६ असतात. (१९५६ पर्यंत जगभरची पुस्तकं ४८ सांगत होती. स्वीडनमध्ये लुंड इथे जो-हिन ट्यिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी नीट मोजली तेव्हा ४६ भरली. तीस-एक वर्षं मोठमोठ्या लोकांना सूक्ष्मदर्शकात ४८ दिसत होती, तेव्हा माझ्या नऊ गुणांना फार हसू नका.) विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल तयार होते, आणि मूळ व नक्कल एकमेकींना चिकटून राहतात. त्यांना अर्धगुणसूत्रं म्हणतात. मी त्यांना बहिणी म्हणणार आहे, शास्त्रातही त्यांना तोच शब्द आहे. म्हणजे बहिणींच्या ४६ जोड्या, एकूण ९२.

आता कुठल्याही ४६ इकडे आणि कुठल्याही ४६ तिकडे, असं करून भागत नाही. प्रत्येक जोडीतली एक इकडे आणि दुसरी तिकडेच जायला हवी. थिओडोर बोव्हेरी यांनी हे १९०२ साली समुद्री साळूच्या अंड्यांवर दाखवलं. एकाच अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या की गुणसूत्रं तीन-चार ठिकाणी वेडीवाकडी वाटली जातात आणि बहुतेक गर्भ बिघडतात. म्हणजे प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं, एकाची उणीव दुसरं भरून काढत नाही. मग ही वाटणी नाणं उडवून केली तर? प्रत्येक जोडी बरोबर वाटली जाण्याची शक्यता निम्मी, आणि अशा जोड्या ४६. हिशेब केला तर सत्तर लाख कोटी वेळा प्रयत्न केल्यावर एखादी वाटणी बिनचूक होईल. आणि हे काम पेशीला अंधारात करायचं असतं. तिला डोळे नाहीत, आणि यादी हातात धरून उभा राहणारा मुकादमही नाही.

ओढण्याचं काम करतात ते धागे. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांना 'तुर्कतंतू' म्हणतात. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी मला विचारायचा, की मॅडम, हे तुर्कस्तानात सापडले का? नाही रे बाबा. संस्कृतात 'तर्कु' म्हणजे चाती, सूत कातायची टकळी. दोन टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर असा हा धाग्यांचा आकार टकळीसारखा दिसतो. तर्कुचा तुर्क कधी झाला कोण जाणे, पण तुर्कांचा यात काडीचाही हात नाही. बाकी आपली भाषा या विषयात भाग्यवान आहे. वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८० च्या सुमारास सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशी रंगवून हे सगळं पहिल्यांदा नीट चितारलं आणि त्याला 'मायटॉसिस' नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचं मूळ धागा. आपण म्हणतो सूत्री विभाजन. तोच धागा.

पण हे धागे खरोखर असतात का, यावर जवळजवळ सत्तर वर्षं भांडण चाललं. पेशी रसायनात गोठवून रंगवली की धागे दिसायचे, जिवंत पेशीत काहीच दिसायचं नाही. मग अनेक जण म्हणायचे, हे धागेबिगे काही नाही, गोठवताना पडलेल्या सुरकुत्या आहेत. आक्षेप मुळीच मूर्खपणाचा नव्हता. मेलेल्या गोष्टीवरून जिवंत गोष्टीबद्दल बोलताना एवढी शंका घ्यावीच.

हा वाद कसा मिटला ते सांगते. ही माझी फार आवडती गोष्ट आहे, जरा लांबली तर सांभाळून घ्या.

जपानमध्ये मिसाकी इथे समुद्रकाठी एक जीवशास्त्र केंद्र आहे, टोकियो विद्यापीठाचं. तिथे काट्सुमा दान नावाचे शास्त्रज्ञ समुद्री साळूच्या अंड्यांच्या विभाजनावर काम करायचे. त्यांचं शिक्षण अमेरिकेत झालं होतं, पत्नी जीन याही अमेरिकन आणि स्वतः उत्तम जीवशास्त्रज्ञ. युद्धात जपानी नौदलाने ते केंद्र ताब्यात घेतलं आणि तिथे छोट्या पाणबुड्यांचा तळ केला. १९४५ साली जपान हरला, अमेरिकन सैन्य येऊ घातलं, आणि लष्करी तळ म्हणून सगळं केंद्रच उडवून दिलं जाणार अशी चिन्हं दिसू लागली. दान यांनी एक कागद घेतला, इंग्रजीत काही ओळी लिहिल्या आणि तो दारावर लावून ते निघून गेले.

त्या कागदात काय होतं? हे साठाहून अधिक वर्षांचं सागरी जीवशास्त्र केंद्र आहे. तुम्ही पूर्व किनाऱ्यावरचे असाल तर वुड्स होल ऐकलं असेल, पश्चिमेकडचे असाल तर पॅसिफिक ग्रोव्ह. ही जागा तसलीच आहे. शस्त्रं आणि युद्धसामग्री खुशाल नष्ट करा, पण बाकीची उपकरणं जपानी विद्यार्थ्यांसाठी राहू द्या. तुमचं काम संपलं की विद्यापीठाला कळवा, आम्हाला आमच्या घरी परत येऊ द्या. खाली नाव नाही. सहीच्या जागी नुसतं 'शेवटी जाणारा'.

तो कागद ज्यांच्या हाती पडला ते समजूतदार निघाले. केंद्र वाचलं, विद्यापीठाला परत मिळालं. कागद अमेरिकेत वुड्स होललाच पोचला आणि तिथे तो जपून ठेवला आहे. मला कुणी विज्ञानातला तुमचा आवडता लेख कोणता असं विचारलं, तर मी हा सांगते. त्यात एकही आकृती नाही.

याच दान यांचा एक विद्यार्थी होता, शिन्या इनोए. युद्धानंतर हातात काही साधनं नसताना त्याने मिसाकीत ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक जुळवला. बैठक म्हणून टाकून दिलेल्या मशीनगनचा पाया, आणि दिवा चहाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला. ध्रुवित प्रकाशात युक्ती अशी असते, की विस्कळीत पदार्थ काळा दिसतो आणि एका दिशेत नीट रचलेले धागे उजळतात. पुढे तो अमेरिकेला गेला, यंत्र सुधारत राहिला, आणि १९५३ साली त्याने जिवंत पेशीतले हे धागे दाखवले. ना गोठवणं, ना रंगवणं. पेशी पुढे विभागलीसुद्धा. सुरकुत्यांचा वाद तिथेच संपला. त्याच्या आदल्या वर्षी, १९५२ मध्ये, दान आणि डॅनियल माझिया यांनी ती अख्खी टकळी पेशीतून सोडवून बाहेरही काढली होती.

इनोएने आणखी एक गंमत दाखवली. पेशी थंड केली की धागे विरघळतात, ऊब दिली की काही मिनिटांत पुन्हा उभे राहतात. म्हणजे हे कायमचे दोर नाहीत. लागतील तेव्हा जुळवायचे, नको तेव्हा मोडायचे असं हे बांधकाम आहे. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा, त्यांची पोकळ नळी, जाडी २५ नॅनोमीटर. १९८४ साली टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी दाखवलं, की ही प्रत्येक नळी वाढत राहते आणि मधेच अचानक कोसळते, परत वाढते, परत कोसळते. वरवर बघितलं तर शुद्ध उधळपट्टी. पण अंधाऱ्या खोलीत भिंतीवरचं बटण शोधताना आपणही हात पुढे करतो, मागे घेतो, दुसरीकडे पुढे करतो. तसंच चाचपडणं आहे हे. चाचपडता चाचपडता एखाद्या नळीच्या टोकाला गुणसूत्रावरची मूठ लागते. गुणसूत्रबिंदूवर, म्हणजे दोघी बहिणी जिथे घट्ट जोडलेल्या असतात त्या जागी, प्रथिनांची एक रचना असते, तिला कायनेटोकोर म्हणतात. मी मूठ म्हणते. आणि मूठ लागली की—

चिठ्ठी आलेली आहे. "दहा मिनिटे." बघा, मुद्दा सुरू झाला की चिठ्ठी येते. मिसाकीला जरा जास्तच रमले, कबूल. आता धावते, तुम्हीही धावा.

मूठ लागली, पण बरोबर बाजूची लागली का? दोन्ही बहिणी एकाच टोकाच्या धाग्यांना अडकल्या तर दोघी एकाच पेशीत जाणार. डोळे नसलेल्या पेशीला हे कळावं कसं? उत्तर इतकं साधं आहे, की मला अजूनही आश्चर्य वाटतं. दोघी बहिणी एकमेकींना बांधलेल्या आहेत. विरुद्ध बाजूंनी ओढलं तर मध्ये ताण येतो. एकाच बाजूने ओढलं तर दोघी सैल घरंगळत जातात, ताण येत नाही. ताण नसेल तर एक विकर ती पकड पुन्हा सोडवतं, परत चाचपडायला लावतं. ताण असेल तर पकड पक्की राहते. ब्रूस निक्लास यांनी नाकतोड्याच्या पेशीत काचेची अतिसूक्ष्म सुई घालून १९६९ साली हे करून बघितलं. जोडीतल्या दोन्ही गुणसूत्रांची तोंडं मुद्दाम एकाच टोकाकडे वळवली. तशीच सोडली तर पेशी ती चूक दुरुस्त करायची. पण सुईने ताण देऊन धरली तर चुकीची जोडणीही टिकून राहायची! पेशी दिशा ओळखत नाही, ताण ओळखते. म्हणून बहिणींमधली गाठ हा विभाजनातला अडथळा नव्हे, विभाजनाचं मोजमापच त्या गाठीवर चालतं. गाठ आधी सुटली तर पेशी आंधळी.

दुसरं, थांबणं. ९२ मुठींपैकी एक जरी रिकामी असली, तरी ती मूठ 'थांबा' असा रासायनिक संदेश सोडत राहते. यीस्टमध्ये या संदेशाची जनुकं १९९१ साली सापडली. कॉन्ली रीडर यांच्या गटाने १९९५ मध्ये पोटोरू या लहानशा कांगारूवर्गीय प्राण्याच्या पेशी घेतल्या. सगळी गुणसूत्रं जागेवर, एकच मूठ रिकामी, पेशी थांबलेली. त्यांनी लेसरने ती एक मूठ जाळून टाकली. गुणसूत्र अजून जागेवर आलेलं नव्हतं, पण तक्रार करणारंच कुणी उरलं नाही, आणि थोड्याच वेळात पेशी विभागायला लागली. त्याच वर्षी निक्लास आणि त्यांचे सहकारी ली यांनी प्रार्थनाकीटकाच्या पेशीत याच्या उलट केलं. एक एकटं पडलेलं एक्स गुणसूत्र, त्याच्यापायी पेशी तासन् तास अडून बसलेली. त्याला सुईने नुसतं ताणून धरलं. सुमारे तासाभराने पेशी पुढे निघाली. आपल्याकडे कोरम भरल्याशिवाय सभा सुरू होत नाही म्हणतात. इथे कोरम म्हणजे शंभर टक्के हजेरी, एकही कमी चालत नाही. दान यांची सही आठवते ना? पेशी त्या शेवटच्यासाठीच खोळंबलेली असते.

कर्करोगाची काही औषधंही याच खोळंब्यावर चालतात. सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टीन धागे जुळू देत नाही, यू नावाच्या झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल जुळलेले धागे मोडू देत नाही. दोन्हींचा परिणाम एकच, पेशी ताटकळते आणि पुष्कळदा ताटकळूनच मरते. हे सविस्तर सांगायचं होतं. असो.

तिसरं, गाठ. कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या दोघी बहिणींना वेढून असतात. १९९७ साली दोन प्रयोगशाळांनी यीस्टमध्ये त्या वेगवेगळ्या शोधून काढल्या. कड्या कापणारी कात्री म्हणजे सेपरेझ. ती सतत तयार असते, पण सिक्युरिन नावाच्या म्यानात. शेवटची मूठ भरली, 'थांबा' थांबलं, की म्यान नष्ट होतं, कात्री मोकळी होते आणि कड्या कापल्या जातात. मग बहिणी सगळ्या जोड्यांत जवळजवळ एकाच वेळी सुटतात, कारण धागे तर कधीपासूनच ओढत होते. पश्चावस्था इतकी थोडकी का असते, ते आता कळलं असेल. त्यात करायला काही उरलेलंच नसतं.

आता स्त्रीबीज. जाहिरातीत हेच छापलं होतं आणि याला दोनच मिनिटं राहिली, त्याबद्दल क्षमा मागते. स्त्रीबीज तयार होताना अर्धगुणसूत्री, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं, विभाजन होतं, आणि ते सुरू होतं त्या मुलीच्या जन्माच्याही आधी, ती आईच्या पोटात असताना. सुरू होऊन मध्येच थांबतं. ते पुढे सरकतं पाळीच्या वयात, दर वेळी एखाद्या बीजाचं. म्हणजे कुठलं बीज पंधरा वर्षं थांबलेलं असतं, कुठलं तीस, कुठलं चाळीस. या सगळ्या काळात गुणसूत्रं बांधून ठेवतात त्या कड्या जन्माआधी घातलेल्या. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की त्यांच्या जागी नव्या कड्या पुरेशा बसवल्या जात नाहीत. वयाबरोबर त्या कमी होत जातात. गाठ सैल झाली की ताण नीट मोजता येत नाही, आणि एखादी जोडी एकत्रच एका बाजूला जाते.

१९५९ साली पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, रेमाँ तुर्पँ आणि झेरोम लेझन यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशीत ४७ वं गुणसूत्र दाखवलं. पेशी वाढवण्याचं मूळ काम गोतिएबाईंचं, नाव मात्र पुढे बरीच वर्षं लेझन यांचंच झालं, हा आणखी एका व्याख्यानाचा विषय. हे जास्तीचं गुणसूत्र म्हणजे २१ क्रमांकाच्या गुणसूत्राची तिसरी प्रत, आणि ते बहुतेक वेळा आईच्या बीजातून आलेलं असतं, आणि आईचं वय वाढतं तशी त्याची शक्यता वाढते. एवढ्यावरून बीजाला म्हातारं, निकामी वगैरे म्हणतात त्याचा मला राग येतो. शरीरातल्या इतर कुठल्या पेशीला आपण सांगितलंय, की या कड्या चाळीस वर्षं न बदलता धरून ठेव म्हणून?

दुसरी चिठ्ठी आली, हिच्यावर तर काही लिहिलेलंही नाही. एकाच मुठीला दोन्ही टोकांचे धागे लागतात ती चूक राहिलीच. त्यात ताणही येतो, मूठही भरलेली असते, त्यामुळे 'थांबा' कुणीच म्हणत नाही आणि गुणसूत्र मध्येच रेंगाळतं. प्रश्नोत्तरांत कुणी विचारलं तर सांगते.